सगळ्यांना विचारून उभा राहिलेला खांब

माझी आणि गणपतराव पटेलांची पहिली ओळख शाळेच्या घंटेवरून झाली. मी आदिलाबादहून बदली होऊन इचोड्याजवळच्या या गावी शिक्षक म्हणून आलो, तेव्हा घंटा शाळेच्या मागच्या भिंतीला टांगलेली होती आणि पुढच्या वर्गांना ऐकू येत नव्हती. ती पुढच्या लिंबाच्या झाडाला टांगावी एवढीच विनंती घेऊन मी सरपंचांकडे गेलो. गणपतरावांनी चहा पाजला, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बरोबर हाय गुरुजी. पन लिंबाजवळ ज्याइचे घरं हायेत, त्याइले इचारून घेतो."

मी पावसाळ्यात गेलो होतो. घंटा लिंबावर गेली ती थंडीत. मधल्या काळात आम्ही लोखंडी पाइपाचा तुकडा बडवत होतो.

गणपतरावांच्या पंचाहत्तरीच्या या मंगल प्रसंगी तक्रारीने सुरुवात केली म्हणून वाचकांनी रागावू नये. त्यांचा गौरव करायचा तर त्यांच्या या सवयीचा करावा लागतो, आणि तिचा जितका मनस्ताप मला झाला तितका क्वचितच कोणाला झाला असेल. ज्याला ज्याला एखाद्या गोष्टीची झळ लागेल त्याला आधी विचारायचे, आणि तो हो म्हणेपर्यंत त्याच्या ओट्यावरून उठायचे नाही, हा त्यांच्या कारभाराचा एकमेव नियम. इतर गावांचे सरपंच सही करून मोकळे होत. आमचे सरपंच चहा पिऊन घरी येत.

मी वस्तीत धुरपताबाईंच्या शेजारी भाड्याने राहत होतो. धुरपताबाई म्हणजे आमच्या बौद्ध वस्तीतल्या सर्वांत वयस्कर आणि सर्वांत तिखट बाई. गावात आल्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात माझी पत्नी सुशीला बाळंतपणात अडली. ओढ्याला पाणी होते, इचोड्याहून जीप बोलवायची तर माणूस पायी धाडावा लागला, आणि जीप आली तोवर आमचे मूल गेले होते. त्या संध्याकाळी गणपतराव आले, माझ्या ओट्यावर बराच वेळ बसले आणि उठून गेले. त्यांनी कोणाला काही विचारले नाही, असा माझ्या माहितीतला तो एकच प्रसंग. तो मी विसरलेलो नाही.

पुढे सुशीलाला पुन्हा दिवस गेले आणि त्याच सुमारास गावाला बिनतारी फोन मंजूर झाला. उंच लोखंडी खांब, त्यावर अँटेना, आणि तिथून थेट हवेतून बोलणे. माझा जीव त्या खांबात अडकला. पावसाळ्याच्या आत फोन लागला तर सुशीलासाठी वेळेवर जीप येणार होती. मला दुसरे काही दिसत नव्हते.

पाहणीला आलेले इंजिनियर साहेब गावभर हिंडले आणि वस्तीच्या माळावर थांबले, कारण सर्वांत उंच जागा तीच. खांब माळावर, फोन वरच्या गावात चावडीत, असे ठरले. (वरचे गाव जातीने वर, उंचीने नव्हे.) खांबाला तीन बाजूंनी तारांचे ताण द्यायचे होते. त्यातला एक खुंटा धुरपताबाईंच्या अंगणात येत होता.

"ये तो सरकारी जमीन है, पटेलजी. पूछना क्या है?" साहेब म्हणाले.

"ज्याइच्या अंगनात येते त्याइले इचारा लागते, साहेब," गणपतराव म्हणाले. मी कपाळावर हात मारला.

धुरपताबाई मिरच्या वाळत घालत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, "खुटा माह्या अंगनात, अन् बोलनं चावडीत?"

"हो माय. तसंच ठरलं हाय."

"इहीर बी गावाचीच होती, पटेल. आमी लांब उभं राहून कोनी पानी वाढते का म्हनून पाहत राहो. तसाच फोन आनता का? खुटा इथं, तर फोन बी इथं. नाई तं दोनी नको."

साहेब घड्याळ पाहत निघून गेले. जाताना त्यांनी सांगितले की पुढच्या फेरीपर्यंत ठरले नाही तर खांब शेजारच्या गावाला जाईल.

मी धुरपताबाईंना हात जोडले. म्हणालो, "माय, तुमचं खरं आहे, पण सुशीलाकडे पाहा. आधी फोन येऊ द्या, मग भांडू."

"मास्तर, एकदा आला का कोनी भांडू देत नाई," त्या म्हणाल्या. त्यांचे खरे होते, म्हणून तर माझा संताप आणखी वाढला.

मला वाटले, गणपतराव आता त्यांची समजूत घालतील. त्यांनी भलतेच केले. धुरपताबाईंचे म्हणणे त्यांना पटले आणि फोन वस्तीत बसवायला चालेल का, हे विचारायला ते वरच्या गावात घरोघर निघाले! म्हणजे एका होकाराच्या जागी आता सगळ्या गावाचे होकार हवे होते. सुशीलाचे महिने भरत होते आणि आमचे सरपंच कोणाच्या तरी ओट्यावर बसून कपाशीवरच्या किडीबद्दल बोलत होते. मी एकदा रस्त्यातच त्यांना अडवले. "पटेल, तुम्ही सरपंच आहात. हुकूम काऊन नाही देत?"

"हुकमानं खांब उभा राह्यते गुरुजी," ते शांतपणे म्हणाले, "मानूस तिथं जात नाई." आणि पुढच्या घरात शिरले.

सर्वांत मोठा अडथळा त्यांच्याच घरात होता. त्यांच्या थोरल्या भावाच्या पत्नी, सरस्वतीबाई, म्हणाल्या की आपण बोलायला वस्तीत पाय ठेवणार नाही. वहिनी हो म्हणेपर्यंत गणपतराव रोज जेवताना तोच विषय काढत. शेवटी त्या कंटाळून म्हणाल्या, "आना बाप्पा तुमचा फोन. पन मी जानार नाई." गणपतरावांनी यातले पहिले वाक्य होकार म्हणून धरले.

साहेबांची फेरी आली तोवर गावाचे होकार पुरे झाले होते. खांब उभा राहिला आणि फोन धुरपताबाईंच्या ओसरीत बसला. एकाच लाइनवरून बरीच गावे बोलत असल्याने ती मोकळी होईपर्यंत बसून राहावे लागे. वरच्या गावचे लोक आपापला पाण्याचा तांब्या घेऊन येत आणि ओसरीच्या कडेला टेकत. थोड्या दिवसांनी सरस्वतीबाईही तांब्या घेऊन आल्या. त्यांची लेक नागपूरकडे दिली होती.

सुशीलाला कळा सुरू झाल्या त्या दुपारी पाऊस कोसळत होता. मी ओसरीत धावलो तर फोनवर सरस्वतीबाई! लेकीला वरणाच्या फोडणीबद्दल काही सांगत होत्या. इतक्या महिन्यांचा माझा राग बाहेर पडणार होता. पण माझा चेहरा पाहूनच त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि विचारले, "घरात बाईमानूस कोन हाय?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

ओढा चढायच्या आत जीप आली. सुशीलाच्या एका बाजूला धुरपताबाई बसल्या, दुसऱ्या बाजूला सरस्वतीबाई. मी पुढे बसलो होतो. वाटेत सरस्वतीबाईंना तहान लागली. त्यांचा तांब्या ओसरीतच राहिला होता. धुरपताबाईंनी आपला चंबू पुढे केला आणि सरस्वतीबाई पाणी प्याल्या. आदिलाबादच्या दवाखान्यात आमची मुलगी सुखरूप जन्मली.

परत आल्यावर मी गणपतरावांना ती चंबूची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "तहान लागली असंन, गुरुजी." आणि दवाखान्यातून येताना कोणाच्या घराचे पत्रे उडालेले दिसले का, ते विचारू लागले.

असे हे गणपतराव. त्यांनी माझी जितकी झोप उडवली तितकी कोणी उडवली नसेल. त्या फोनच्या उशिराचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही. आणि ज्या दोघींनी माझ्या मुलीला पहिल्यांदा मांडीवर घेतले त्या एकाच जीपमध्ये बसून आल्या होत्या, हेही मनातून जात नाही.

आता खिशातल्या फोनचा टॉवर गावात येणार, अशी बोलणी सुरू आहेत. गणपतराव सरपंच राहिलेले नाहीत, पण सवय राहिली आहे. परवा ते काठी टेकत माझ्या घरी आले. मी खुर्ची पुढे केली. ते म्हणाले, "तुमच्याकडं नाई आलो गुरुजी," आणि गृहपाठ करत असलेल्या माझ्या मुलीसमोर बसले. "बाई, नवा टॉवर तुह्या शाळेजवळ येते म्हनते. तुले चालंल का?"

तिने पेन्सिल खाली ठेवली. "इचार करून सांगीन, आबा."

"सांग. घाई नाई," ते म्हणाले.

ती अजून विचार करते आहे. तिचे उत्तर येईपर्यंत, आणि त्यानंतर उरलेल्या सगळ्या गावाला विचारून होईपर्यंत, गणपतरावांची तब्येत ठणठणीत राहो, पाय चालते राहोत आणि चहा पचत राहो. एवढ्या आयुष्यासाठी आम्हा सर्वांचा होकार आहे. तो मात्र कोणी ओट्यावर येऊन बसायच्या आधीच आम्ही दिला आहे.