रिकाम्या एसटीत उभे राहणारे फौजी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार माझ्या थोरल्या दादाचे आहेत. तो फौजेत गेला, त्याच्या पगारावर मी घरातला पहिला पदवीधर झालो आणि आज पौडला फिजिओथेरपिस्ट आहे.

माले गावाला जाणाऱ्या एसटीत मला रोज एक निवृत्त फौजी दिसायचे. गाडी रिकामी असली तरी ते कमरेवर मागून मूठ दाबून उभे राहायचे. आज मी विचारलंच, "काका, कंबर दुखते का?"

"न्हाई!" ते ताठ झाले. मी काय काम करतो ते सांगितल्यावर मात्र हसले. "मग ऐक. ट्रेनिंगमधी पाठीवर पिट्टू, म्हंजी सामानाची जड पिशवी, घेऊन पळताना कंबर धरली. पर आजारी म्हनून नाव दिलं की मागच्या तुकडीत टाकायचे, ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापास्नं. म्हनून दडवलं. मग दडवायचीच सवय लागली. बायकूला आजून सांगतोय, मला जमिनीवरच झोप लागती."

मी जागेवरून उठलोच. दादाही सुट्टीत गादी सोडून जमिनीवर झोपतो आणि हेच सांगतो!

"सोमवारी दवाखान्यात या," मी म्हणालो.

"येतो. पर गावात बोलू नको."

फोनवर दादा हसून उडवून लावील, म्हणून घरी येताच पत्र लिहिलं:

"दादा, तू जमिनीवर का झोपतोस ते मला कळलं. आता तुला कुणी मागच्या तुकडीत टाकणार नाही, खरं सांग. तुझ्या पगारावर मी जे शिकलो ते तुझ्याच उपयोगी पडणार, या आनंदात आज जेवणही सुचेना. सुट्टीत येशील तेव्हा स्टँडवर मी येतो. ट्रंक मी उचलणार. तू हात लावायचा नाहीस."