पलंगाचं माप

गल्लीत सगळे तिला टेपअक्का म्हणत. शिवणकाम करून करून मोजपट्टी तिच्या गळ्यात अशी मुरली होती, की एकदा अंगाला साबण लावताना तिच्या लक्षात आलं, पट्टी गळ्यातच आहे. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटक, बोलणं कात्रीनं कापल्यासारखं. दहा ते दोन शिंपीमास्तरांच्या दुकानात कपडे बेतायचे. बाकीचा सगळा वेळ भावाचा.

भाऊ आठ वर्षांनी लहान. जन्मापासून त्याचे हातपाय ताठ. मनात नसताना झटका यायचा आणि अख्खं अंग एका कुशीला फेकलं जायचं. एकेक शब्द ओढून काढावा लागायचा, पण डोकं तल्लख. पलंगावरून साऱ्या घराला हुकूम सोडतो म्हणून अक्का त्याला 'राजे' म्हणे. आपणही तेच म्हणू.

राजांचं बोलणं कळायचं ते फक्त अक्काला. त्यांनी नुसतं 'पा' म्हटलं, की पाणी हवंय, पाय अवघडलाय की पांघरूण सरकलंय, हे ती भुवईवरून ओळखी आणि वाक्य स्वतःच पुरं करून टाकी. आई गेल्यापासूनची एकोणीस वर्षं अशी गेली. एवढी एक गोष्ट जगात तिच्या एकटीची होती.

म्हणून तपासणीवाली आली, तेव्हा पहिल्या पाच मिनिटांतच ती अक्काला खुपू लागली.

राजांचा पलंग अपंगांच्या मदत केंद्रानं दिलेला होता. डोक्याकडची बाजू वर होणारा, दोन्हीकडे लोखंडी कठडे. अशा कठड्यांत माणूस अडकू शकतो, म्हणून केंद्रानं घरोघर तपासणी काढली होती. आलेली मुलगी पंचविशीची, पाठीवर पिशवी. अक्कानं पुढे केलेली खुर्ची सोडून ती सरळ उशाशी स्टुलावर बसली.

"नमस्कार. तुमच्याशी बोलू, की ताईंशी?" तिनं राजांना विचारलं.

"मा...झ्या...शी."

अक्काला कोणीतरी टाचणी टोचल्यासारखं झालं.

"बरं. झोपल्यावर कुठल्या कुशीला वळता?"

"उजव्या," अक्का म्हणाली.

"त्यांना सांगू द्या ना, ताई."

आणि ती थांबली. तिनं घड्याळ पाहिलं नाही, मान डोलावली नाही, शब्द सुचवला नाही. नुसती थांबली. राजांचा जबडा दोनदा हलून रिकामाच मिटला. अक्काच्या जिभेच्या टोकावर शब्द नाचत होता.

"अ...क्का... असली... की... उज...वी. नस...ली... की... डा...वी."

डावीकडे खिडकी होती. एकोणीस वर्षांत हे अक्काला ठाऊक नव्हतं. ती घरी असताना तो तिच्याकडेच वळायचा. तिला वाटायचं, तो तसाच झोपतो.

"खिडकीत काय एवढं?" मुलीनं विचारलं.

"अ...क्का... ना...ही," राजे म्हणाले. दोघंही हसली. राजे हसताना त्यांचा खांदा उडे. तो आता परक्या मुलीसाठी उडत होता. अक्काचा नुसता तिळपापड झाला. काल आलेली ही, आणि राजांचे विनोदसुद्धा हिलाच!

"गप्पा पुरे. काम करा," ती म्हणाली. "आणि कष्ट वाचवते तुमचे. दर रविवारी मी स्वतः मोजते. गादी नि कठडा यांच्यात करंगळी जात नाही. हे बघा."

दोन्ही बाजूंच्या फटींत तिनं स्वतः शिवलेले लांबट लोड बसवले होते. चिंध्या ठासून भरलेले, टीप अशी सरळ की मास्तरांनी पाठ थोपटावी.

"सुंदर शिवलेत," मुलगी म्हणाली. "मोजता कधी?"

"राजे खुर्चीत असतात तेव्हा. पलंग आवरताना."

मुलीनं राजांची परवानगी घेऊन डोक्याकडची बाजू वर केली, त्यांना हलकेच डाव्या कुशीला वळवलं. जुनी गादी कडेला दबली. अक्काचा लोड खाली सरकला आणि पलंगाच्या सांगाड्यावर जाऊन पडला. मुलीनं राजांना परत मधोमध आणलं, गादीची कड तळहातानं तेवढीच दाबून धरली आणि पिशवीतून एक जड शंकू काढला.

"लहानशा डोक्याएवढा आहे. तो वर राहिला पाहिजे."

फटीत ठेवताच डोकं गळ्यापर्यंत जावं तसा तो आत गेला.

अक्का बघतच राहिली. दुकानात एका कारागिरानं हँगरला टांगलेल्या कोटावरून गिऱ्हाइकाचं माप घेतलं होतं, तेव्हा तिनंच त्याचे कान उपटले होते. "अंगावर माप घे, मूर्खा!" आणि इथे ती दर रविवारी काय करत आली होती? रिकाम्या पलंगाचं माप.

"इथं कधी अडकलात?" मुलीनं हळूच विचारलं.

राजांनी आधी बहिणीकडे पाहिलं. मग खिडकीकडे. "मा...न. दोन...दा."

"मग सुटलात कसे?"

"पुढ...चा... झट...का."

अक्काला आठवलं. दोनदा ती दुकानातून आली होती आणि त्याच्या कानाखाली लाल वळ होता. उशीच्या शिवणीचा असेल म्हणून तिनं दुसऱ्याच दिवशी अभ्रा उलटा शिवला होता.

"मला का नाही सांगितलंस रे?" राजे, हुकूम, सगळं गळून पडलं. "मी रडले असते म्हणून? मी घाबरले..."

"थां...ब."

ती थांबली. तिला फार जड गेलं ते.

"तू... दु...कान... सोड...लं... अस...तंस."

मुलीनं तोंड फिरवून वहीत काहीतरी लिहिलं. तेवढा समजूतदारपणा तिच्यात होता, हे अक्काला मनातून कबूल करावं लागलं आणि त्याचाही राग आला.

ठरलं ते असं, की नवा पलंग येईपर्यंत मास्तरांच्या घरची मंडळी आळीपाळीनं राजांपाशी बसतील. आठवड्यात बुटका पलंग आला, जमिनीपासून वीतभर उंच. कठडे नाहीत, दोन्हीकडे जाड चटया, आणि राजांच्या कोपराशी दाबलं की शेजारी वाजेल अशी घंटी. दुकान सुटलं नाही. लोड उसवून अक्कानं चिंध्या परत दुकानात नेल्या.

सोमवारी मुलगी फेरतपासणीला येणार होती. राजांनी सकाळीच दाढी करून मागितली. वर निळा सदरा.

"माझ्यासाठी कधी नाही मागितला निळा सदरा," अक्का फेस लावताना पुटपुटली. "एवढं काय आहे हो तिच्यात, राजे? हसते छान म्हणून? का..."

तिनं दात आवळले आणि उरलेलं गिळलं.

"ती... वि...चार...ते," राजे म्हणाले.

ब्रश हातात तसाच राहिला. मग अक्कानं तो बाजूला ठेवला, चटईवर मांडी घातली. आता तिचं तोंड त्याच्या तोंडासमोर आलं.

"बरं. मी विचारते. मी दुकानात असते तेव्हा खिडकीतून काय बघतोस?"

आणि गळ्यातली मोजपट्टी दोन्ही मुठींत धरून ती गप्प बसली. पहिला शब्द यायला बराच वेळ लागला. दुसऱ्याला त्याहून जास्त. गालावरचा फेस वाळत चालला. तिसरा शब्द ओठांवर आला आणि दारावर टकटक झाली.

"ताई, मी आलेय!"

"बाहेरच थांबा जरा," अक्का मान न वळवता ओरडली. "राजे माझ्याशी बोलतायत."