मंडईत आलेला दौलत

असल्या गोष्टी निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. सायन्स शिकलेला, त्यात स्वभावानं संशयी. पण हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय...

पन्नासच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. दौलत आणि मी चामोर्शीजवळच्या एकाच गावचे, नागपूरला कॉलेजात. तिथं आमच्या ‘मले-तुले’ला पोरं हसायची. तेव्हापासून चारचौघांत जायचं म्हटलं की दौलत निघण्याआधी घोटभर घ्यायचा. मग त्याची जीभ सुटायची. घोटाचा पेला कधी झाला, ते त्यालाही कळलं नाही.

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली. दौलतची सोयरीक जुळत होती, त्या मुलीच्या वडिलांना त्याला तिथं भेटायचं होतं. दुपारी खळ्यावरच्या झोपडीत तो मोहाची दारू घेऊन बसला.

“आज तरी नको रे.”

“शुद्धीत मले बोलताच येत नाई. थोडीशीच घेतो.”

थोडक्यात भागलं नाही. तो तिथंच आडवा झाला. झोपेनं उतरेल, असं समजून मी एकटाच निघालो.

मंडईत माझी धाकटी बहीण यमुना भेटली. आम्ही बोलत होतो, तर समोरून दौलत आला — सरळ चालत, तोंडाला वास नाही. यमुनेनं पाण्याचा गडवा दिला. तो प्याला नाही. माझ्याकडं बघून हळूच म्हणाला,

“मले कुशीवर कर ना... श्वास घेता येऊन नाई राह्यला.”

“काऊन दौलतभाऊ, बरं नाई वाटत का?” यमुनेनं विचारलं.

तेवढ्यात दंडार नाचणारी मंडळी ढोल वाजवत मधून गेली. ती सरली, तर दौलत नव्हता. गडवा जमिनीवर, भरलेलाच.

मी खळ्याकडं धावलो. दौलत झोपडीत उताणा पडला होता. ओकारी घशात अडकलेली, ओठ काळेनिळे. मी त्याला कुशीवर वळवलं, बोटं घालून तोंड मोकळं केलं. बऱ्याच वेळानं घरघर ऐकू आली.

तो वाचला. पण श्वास कोंडून मेंदूला इजा झाली ती झालीच — बोलताना शब्द सापडेनात. कॉलेज सुटलं, सोयरीक मोडली. मंडईचं विचारलं तर अडखळत म्हणायचा, “मी... उठलोच नाई.”

मी डॉक्टरांना विचारलं, पुस्तकं वाचली. उलगडा आजही नाही. भास म्हणावा, तर दोघांना एकच कसा झाला?

यमुना आता नाही. ती शेवटपर्यंत एवढंच सांगायची — “गडवा देताना त्याचा हात मले लागला होता, भाऊ. गरम होता.”