परदेशी पाहुणा पाहिजे

आमच्या कंधारच्या किल्ला महोत्सव समितीकडे वर्गणी कधी पुरेशी जमली नाही. किस्से मात्र न मागता जमत गेले. चहाला बसलं की एक निघतो, त्याच्या मागून दुसरा. परवा हमीदभाई म्हणाले, "बाई, सरकार किश्श्यांला अनुदान देत असतं ना, तर कंधारात सोन्याची कमान झाली असती!"

समिती म्हणजे तरी कोण? अध्यक्ष शिवाप्पा अण्णा, त्यांचं मेन रोडला कापडाचं दुकान. हमीदभाई मंडप-साउंडवाले. आणि मी शाळेतली बाई, म्हणून माइक कायम माझ्या गळ्यात. बैठका अण्णांच्या दुकानातल्या गादीवर व्हायच्या, गिऱ्हाईक आलं की आम्ही सरकून बसायचं.

एक दिवस पेपरात बातमी आली. परदेशी पर्यटक येतील अशा महोत्सवांना सरकार अनुदान देणार! आमचा महोत्सव तेव्हा शेवटच्या घटका मोजत होता. आणि अण्णांची लेक गौरी, लग्न करून कॅनडात गेलेली, फोनवर म्हणाली होती, "महोत्सव असला तर येते, अण्णा." नसला तर काय, हे ती बोलली नव्हती. आई गेली तेव्हा तिला येता आलं नाही, आणि त्यानंतर ती आलीच नव्हती. त्यामुळे अण्णांना महोत्सव जगवायचाच होता.

* * *

पहिला प्रश्न, परदेशी माणूस आणायचा कुठून?

"माझे बिदरचे साडू चालतील का?" हमीदभाईंनी विचारलं. "स्टेट दुसरं हाय."

"स्टेट न्हाई, देश दुसरा पायजे," अण्णा म्हणाले.

"मग अवघड हाय. तिकडं एस.टी. जात न्हाई!"

* * *

नांदेडला गुरुद्वाऱ्यात मात्र देशोदेशीचे भाविक येतात. हमीदभाई जीप घेऊन गेले आणि कॅनडाचे एक वयस्कर सरदारजी सहकुटुंब घेऊनच परतले. अण्णांनी माझ्याकडून स्वागताचं इंग्रजी वाक्य घोकून घेतलं होतं. सरदारजी जीपमधून उतरले आणि अण्णा सगळं विसरले. थेट विचारलं, "उधर ठंड बहुत है क्या? मेरी बेटी उधरीच है. टोरांटो."

"हम तो वैंकूवर के हैं जी. टोरांटो तो हवाई जहाज़ से पाँच घंटे है."

"बस्स? कंधारहून मुंबईला रातभर लागतं! नजदीकच है की!" असं म्हणत अण्णांनी शेंगदाण्याच्या चटणीचा स्टीलचा डबा आणि गौरीच्या पत्त्याची चिठ्ठी त्यांच्या हातात ठेवली. "जाते जाते दे देना."

बिचाऱ्या सरदारजींनी डबा घेतला. गप्पांत किल्ला दाखवायचा राहून गेला. आणि ते निघून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, महोत्सव अजून कितीतरी आठवडे लांब होता!

* * *

मग मेनू ठरवायची बैठक झाली. अण्णा सांगत होते, मी लिहून घेत होते. ज्वारीचे धपाटे, कवडीचं दही, हुरडा, वर गुळाचा खडा.

"परदेशी लोकांना धपाटे चालतील?" मी विचारलं.

"लई आवडतात."

"कुणी सांगितलं?"

"गौरीनं."

हमीदभाईंनी खाली मान घालून हसू दाबलं. मला काही हसू आलं नाही. आमच्या घरीही आई गेल्यावर वडील असेच माझ्या आवडीचं काहीबाही करून ठेवायचे.

* * *

त्यानंतर अण्णांनी राहत्या घरात कमोड बसवून घेतला. टाइल्स गुलाबी.

"अण्णा, काय करून राहिलात?" हमीदभाई म्हणाले. "परदेशी पाव्हणे तर लॉजवर उतरणार!"

"लॉजचा काय भरोसा!"

त्या आठवड्यात लॉजचा मालक अण्णांशी बोलत नव्हता.

* * *

महोत्सव आला. गौरी आली. एस.टी. स्टँडवर अण्णांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि नुसतेच तिच्याकडे बघत उभे राहिले. तिच्या बॅगेत तो स्टीलचा डबा होता, धुऊन-पुसून. सरदारजींनी खरंच कुरिअरनं पाठवला होता!

परदेशी पर्यटक मात्र एकही आला नाही. संध्याकाळी अनुदानाच्या पाहणीला मुंबईचे साहेब कॅमेरा घेऊन हजर. माणूस भला होता. म्हणाला, "एक तरी परदेशी पाहुणा दाखवा. स्टेजवर सत्कार करा, मी फोटो जोडून प्रस्ताव पुढे पाठवतो. नाहीतर पुढच्या वर्षी मला काही करता येणार नाही."

हमीदभाईंचा चेहरा एकदम उजळला. "बाई, फॉरेनर घरातच निघाला की! गौरीचा पासपोर्ट आता तिकडचा हाय."

गौरी हसली. "महोत्सव वाचत असेल तर होते की फॉरेनर! पुढच्या वर्षी यायला निमित्त राहील."

अण्णा दुकानाकडे निघाले. आम्ही तो होकार धरला.

किल्ल्याच्या खंदकाकाठी स्टेज, समोर अख्खं गाव. मी माइकवरून पुकारलं, "कॅनडाहून खास आपल्या महोत्सवासाठी आलेल्या परदेशी पाहुण्या..." गौरी दुकानातलीच हिरवी इरकल नेसून वर आली. हमीदभाईंनी ताट पुढे केलं, त्यात शाल, नारळ, हळदीकुंकू, अक्षता. साहेबांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

अण्णांनी शाल उचलली आणि खुर्चीवर ठेवून दिली. मग जाकिटाच्या आतल्या खिशात हात घालून घडी केलेला खण काढला, नारळावर ठेवला आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

"बाई, हिची माय न्हाई. तुम्ही भरा ओटी."

माइक चालूच होता. समोर बायकांनी पदर डोळ्यांना लावले. साहेबांनी कॅमेरा खाली घेतला आणि हळूच विचारलं, "अध्यक्ष, मग परदेशी पाहुणे?"

गौरीनं पदर पसरला होता.

"न्हाई आले, सायेब," अण्णा म्हणाले. "एक बी न्हाई आला."