टाच माझी, निर्णय सगळ्यांचे

सन २०२३, ऑक्टोबर महिना. पाऊस नुकताच सरला होता आणि आश्विनातले ऊन सकाळपासूनच अंगाला चावू लागले होते. अशाच एका सकाळी मी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकले, आणि उजव्या टाचेच्या मागची शीर कोणी चिमट्यात धरून ओढावी तशी कळ आली.

दुखणे एकाचे असते. किस्से भोवतालची माणसे घडवतात. माझ्या टाचेने सव्वा वर्षात इतके किस्से जमवले, की भेटायला येणाऱ्याला चहाऐवजी किस्साच द्यावा असे वाटू लागले. ते मी हसत सांगावेत अशी सर्वांची अपेक्षा असते. मी हसत सांगणार नाही. मला त्यांतल्या एकेका माणसाचा अजून राग येतो.

आमचा धावणाऱ्यांचा एक गट आहे. उजाडता उजाडता निर्मळच्या तळ्यापाशी जमायचे, शेजारच्या गास गावापर्यंत धावायचे आणि परत यायचे. बागाईतदार, बँकेतले, शाळेतले, देवळात जाणारे, चर्चला जाणारे असे सगळे त्यात आहेत. साठी उलटल्यावर मी त्यात शिरले. कारण साधे आहे. त्या एका तासात मला कोणी चहा मागत नाही, चावी कुठे आहे विचारत नाही, आणि "आई, जरा ऐक ना" म्हणत नाही. तो तास मला परत हवा होता. एवढीच माझी मागणी होती!

*

पहिला किस्सा अर्थातच डॉक्टरांचा. हाडांचे मोठे डॉक्टर, वसईत दवाखाना. माझा मुलगा शिरीष सोबत आला, हीच चूक झाली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलेच नाही.

"काय होतंय आजींना?" त्यांनी शिरीषला विचारले.

"टाच दुखते. धावायला जाते रोज."

"धावायला? कशाला धावायला लावता यांना?"

"डॉक्टर," मी म्हणाले, "शीर माझी आहे. ती मराठी जाणते आणि मीही जाणते. प्रश्न मला विचारा."

ते हसले. लहान मूल बोलल्यावर हसतात तसे! मग पुन्हा शिरीषकडे वळून म्हणाले, "पूर्ण विश्रांती. या वयात देवळापर्यंत चालणं पुष्कळ झालं."

माझा मोजा अजून पायातच होता. मी उठले आणि विचारले, "आपण माझी टाच तपासलीत की जन्मदाखला?"

बाहेर आल्यावर शिरीष म्हणाला, "आई, किती अपमान केलास त्यांचा!" म्हणजे अपमान त्यांचा झाला होता.

*

विश्रांती सुरू झाली आणि उपचारांची वर्दळही. आमच्या गटाच्या व्हॉट्सॲपवर कोणी बर्फ सांगे, कोणी गरम मिठाचे पाणी. कोणी दोन्ही एकापाठोपाठ. एकाने एरंडाचे पान गरम करून बांधायला सांगितले, दुसऱ्याने ते पान कोणत्या बाजूने बांधायचे यावर वाद घातला. दोघे तीन दिवस भांडत होते. माझी टाच कशी आहे, हे त्या तीन दिवसांत एकानेही विचारले नाही!

विचारले ते फक्त आमच्या मासळीवालीने. मी दारापर्यंत लंगडत आले, ते पाहून तिने टोपली खाली ठेवली.

"आजी, पायाला काय झाला?"

"धावण्याने दुखावला."

"अगो बाय! कोन मागं लागलेला?"

"कोणी नाही. मी आपणहून धावते. रोज."

तिने माझ्या मागे घरात डोकावून पाहिले. मग आवाज खाली आणून म्हणाली, "सून बोलते काय काय?"

*

सून बोलत नाही. बोलतो तो शिरीष, आणि बोलून भागले नाही की करतो. माझे धावण्याचे बूट एके दिवशी कपाटातून नाहीसे झाले. निळे, टाचेखाली जाड, मी स्वतः निवडलेले. दुसऱ्या दिवशी आमच्या वाडीत काम करणारी सविता ते घालून पाटाच्या कडेने आली.

"काकू, शिरीषदादांनी दिले. काय मऊ आहेत हो!"

तिच्या पायांतून ते काढून घेण्याइतकी मी हलकी नाही. मी तिला म्हणाले, "नाडी नीट बांध, अडखळशील."

संध्याकाळी शिरीषला जाब विचारला.

"अगं, तुला आता लागणार नव्हते ना! पडून राहून काय उपयोग? वस्तू वापरात राहावी."

तत्त्व मला पटले. त्याची एक क्रिकेटची बॅट आहे, तेल पाजून, पिशवीत घालून ठेवलेली. दुसऱ्या सकाळी मी ती न्हाणीत नेली आणि गोधड्या धोपटायला काढली. चांगली बॅट आहे. गोधड्या लख्ख निघाल्या.

रविवारी त्याचा सामना होता. सोमवारी माझ्या खोलीत नवे बूट आले.

*

पण बूट आले म्हणून टाच बरी होत नाही. दुसरा पावसाळा आला तरी सकाळचे पहिले पाऊल तसेच. जिना उतरताना कठडा धरावा लागे. शेवटी माझी मैत्रीण मटिल्डाबाई, जी गासच्या शाळेतून निवृत्त झाली आणि माझ्याच वयाची असून अजून गटाबरोबर धावते, ती मला नालासोपाऱ्याला एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे घेऊन गेली. शिरीषला सांगितले नाही.

मुलीने मला पाहिले आणि म्हणाली, "आज्जी! तुम्ही रनर आहात? सो क्यूट!"

"मी क्यूट नाही. मी रुग्ण आहे. खुर्ची दे आणि टाच बघ."

ती लाजली. मग मात्र तिने शीर बोटांनी नीट दाबून पाहिली, मला एका पायावर उभे केले, टाच उचलायला लावली. एवढ्या काळात माझ्या टाचेला हात लावणारी ती पहिली! म्हणाली, "नुसत्या विश्रांतीने ही शीर आणखी कमजोर होते, आजी. तिला हळूहळू ओझं उचलायला शिकवावं लागतं. महिने लागतील. थोडं दुखलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नसलं म्हणजे झालं."

"मग इतके महिने मला बसवून का ठेवलंत?"

"मी नव्हतं बसवलं, आजी."

हे खरे होते. पण समोर तीच होती!

*

व्यायाम असा: पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहायचे, टाचा सावकाश वर न्यायच्या, त्याहून सावकाश खाली सोडायच्या. पुढे पाठीवर वजन घ्यायचे. आमच्या ओटीची पायरी रस्त्यालगत आहे. मी पाठीला तांदळाची पिशवी बांधून, खांब धरून, सकाळ-संध्याकाळ वर-खाली करू लागले.

आता हा रस्ता देवळाकडे जातो. एका सोमवारी दर्शनाला निघालेल्या दोन बायका फाटकापाशी थांबल्या. त्यांनी चपला काढल्या. एकीने मला हात जोडले.

"किती दिवसांचा नवस आहे, आजी?"

"नवस नाही. टाच दुखते."

"सांगायचा नसतो, बरोबर आहे," दुसरी पहिलीला म्हणाली. आणि त्या दोघी माझ्या शेजारी पायरीवर चढल्या! माझ्याबरोबर वर, माझ्याबरोबर खाली. मी घामाघूम, संतापाने श्वास लागलेला. मोजणी चुकली तर पुन्हा पहिल्यापासून करायचा माझा नियम, म्हणून बोलताही येईना. तेवढ्यात मटिल्डाबाई सायकलवरून आली आणि फाटकात उभी राहून पोट धरधरून हसू लागली.

"हसतेस काय? सांग यांना!" मोजणी सोडून मी ओरडले.

"मी काय सांगू, सुमती? आमच्यात नोव्हेनाची प्रार्थना नऊ दिवसांची असते. तुझी संपेचना!"

जाताना पहिलीने हळूच विचारले, "मुलाच्या लग्नासाठी केलं तर चालेल ना?"

*

आणि आता शेवटचा. सन २०२५, फेब्रुवारीतला एक रविवार. तोपर्यंत फिजिओची परवानगी मिळाली होती: थोडे धावायचे, थोडे चालायचे. मी ते पहाटे एकटीच करत होते. गटात मटिल्डाबाईशिवाय कोणालाच ठाऊक नव्हते, कारण गटाने विचारलेच नव्हते.

विचारण्याऐवजी त्यांनी फ्लेक्स लावला. तळ्याच्या नाक्यावर, माणसाहून उंच. त्यावर माझा फोटो, कोणाच्या तरी लग्नातला, तोंडात घास असलेला. खाली मजकूर: "आदरणीय राऊतकाकू यांना धावण्यातून निवृत्तीनिमित्त मानाचा मुजरा!"

मी आमच्या गटाच्या कप्तानाला, दिनेशला, फोन केला. दिनेश बँकेत अधिकारी आहे, शिस्तीचा भोक्ता.

"माझी निवृत्ती कोणी ठरवली?"

"काकू, सरप्राइज होतं! शिरीषशी बोलूनच ठरवलं. वार्षिक दौडीच्या आधी तुमचा सत्कार, आणि हिरवा झेंडा तुमच्या हस्ते."

"मला विचारलंस?"

"सत्कारमूर्तीला कोणी विचारतं का, काकू?"

त्या रविवारी सकाळी मी साडी नेसले नाही. सलवार-कुर्ता घातला, ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना लावल्या, आणि नवे बूट. शिरीष म्हणाला, "सत्काराला बूट?" मी नाड्या घट्ट बांधल्या.

तळ्यापाशी खुर्च्या मांडल्या होत्या. एक पाहुणे आले होते, त्यांनी माझ्याविषयी भूतकाळात भाषण केले. "काकू धावत असत. काकू प्रेरणा होत्या." होत्या! शाल आली, नारळ आला. शाल मी मटिल्डाबाईच्या हातात दिली आणि नारळ शिरीषच्या.

मग दिनेशने ध्वनिक्षेपक घेतला. "सर्वांनी रेषेच्या मागे. काकू झेंडा खाली करतील तेव्हाच निघायचं. त्याआधी जो पाऊल पुढे टाकेल तो बाद! नियम म्हणजे नियम."

सगळे रेषेमागे उभे राहिले. दिनेश पहिल्या रांगेत, एक पाय पुढे, बोट घड्याळावर. मी झेंडा उंच धरला आणि रेषेवर आले. टाच तपासली, सकाळपासून शांत होती.

मी झेंडा खाली केला नाही. तसाच उंच धरला, वळले आणि गासच्या दिशेने धावू लागले.

मागे कोणीतरी हसले, बहुधा मटिल्डाबाई. आणि मग दिनेशचा आवाज, अजून रेषेमागूनच:

"काकू! अहो काकू! झेंडा!"

"हवा असेल तर येऊन घे!" मी ओरडले.