चार वाजून वीस मिनिटांनी

वडील गेल्यावर आईनं रक्तदाबाची गोळी सोडली. हातात दिली तर पदराला बांधून ठेवायची, ओरडलं तर मुकाट ऐकून घ्यायची. लोहारा गावच्या घरात आम्ही दोघीच. वरच्या खोलीत माझं ऑफिसचं काम, खाली स्वयंपाकघरात ती. एकदा चक्कर येऊन पडली तेव्हा मी घाबरून तिच्यावरच खेकसले होते.

मग एकाएकी ती गोळी घ्यायला लागली. पाकिटातल्या गोळ्या रोज एकेक कमी होऊ लागल्या. माझ्या ओरडण्याचा गुण आला, असं मी खुशाल समजले.

एका दुपारी चहाला खाली उतरले, तर रिकाम्या स्वयंपाकघरात आई बोलत होती, "घेतली की. बसा जरा."

"कुणाशी बोलतेस?"

"त्यांच्याशी. रोज येतेत. पण हल्ली उशीर करतेत, बग. पाय दुखत असतील."

हे ती तुरीच्या शेंगा सोलत सांगत होती. मी तशीच वर गेले. भावाला फोन केला, तर त्यानं पुण्यात बसून फर्मान काढलं, मेंदूच्या डॉक्टरला दाखव. मला त्याचा राग आला, आणि त्याचं खरं असेल अशी भीतीही वाटली.

त्याच दिवसांत मी वेगळ्याच दुखण्याशी झटत होते. वडिलांचा जुना कॉम्प्युटर मरायला टेकला, तेव्हा त्याच्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल मी माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपमध्ये घेतली आणि डबा भंगारवाल्याला दिला. आता लॅपटॉपच्या आत, एका खिडकीत, वडिलांचा कॉम्प्युटर रोज सकाळी सुरू व्हायचा. तोच गुलाबाचा फोटो, त्याच फायली. त्यातून मी फावल्या वेळी त्यांचे फोटो काढून घेत होते. सगळं चालायचं, फक्त आवाज येत नव्हता. साऊंड कार्ड बदलून पाहिलं, सेटिंगा उलट्यापालट्या केल्या, चाचणीची घंटा पन्नासदा वाजवली. हेडफोनमध्ये चिटपाखरू नाही. खाली आई मात्र मधेच उठून दार उघडून बघायची, बाहेर कुणी नसायचं. तेही मी तिच्या वयावर ढकललं.

एके दिवशी मी लॅपटॉपमधला आवाजाचा मिक्सर उघडून बसले. कुठला प्रोग्रॅम किती आवाज करतोय, ते दाखवणाऱ्या पट्ट्या त्यात असतात. वडिलांच्या कॉम्प्युटरची पट्टी निपचित पडली होती, ती अचानक हलली. मी कशालाही हात लावला नव्हता. कानात शांतता, आणि पट्टी माणूस बोलताना हलावी तशी वरखाली होत होती. मी हेडफोन काढला.

खालून वडिलांचा आवाज आला. "गोळी घेतली का गं? पाणी भरपूर पी."

"व्हय, घेतली," आई म्हणाली.

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. 

मी लॅपटॉपमध्ये शोध घेतला आणि कारण सापडलं. वडील चारला स्टँडवर चहाला जायचे. बायको गोळी विसरते म्हणून त्यांनी स्वतःचा आवाज भरून कॉम्प्युटरला रोज चारला बोलायला लावलं होतं. कामात माझ्या कानाला हेडफोन, त्यामुळे मला पत्ताच नव्हता. ती नक्कल पहिल्यांदा सुरू केली, तेव्हा आई रोज ज्यावर वंदना ऐकते, त्या स्वयंपाकघरातल्या बिनतारी स्पीकरला माझा लॅपटॉप जोडलेला होता. लिनक्सनं ते ध्यानात ठेवलं. बाकी सगळे आवाज माझ्या कानात, आणि वडिलांच्या कॉम्प्युटरचा तेवढा खाली फळीवरच्या स्पीकरमध्ये, माझी चाचणीची घंटासुद्धा. उशीरही माझ्यामुळेच. जेवताना मी वीसेक मिनिटं लॅपटॉप मिटते, तेवढा वेळ त्यांचं घड्याळ थांबतं.

बोलणारा डबा भंगारात गेलेला आईनं स्वतः पाहिला होता. मग आता बोलणारे तेच, एवढा तिचा साधा हिशेब.

दुसऱ्या दिवशी मी तो आवाज माझ्या हेडफोनकडे वळवला. चार वीसला ते माझ्या एकटीच्या कानात बोलले आणि मला रडू फुटलं. खाली गेले, तर आई पाण्याचा पेला आणि गोळी समोर ठेवून बसलेली. पाच वाजले, साडेपाच झाले.

"आज आले न्हाईत," ती म्हणाली, आणि गोळी उचलून पदराला बांधली.

डॉक्टर गेला खड्ड्यात, म्हणून मी आवाज परत खाली सोडला. त्यातच हात शिवशिवले, म्हणून घड्याळही दुरुस्त केलं. आता लॅपटॉप मिटला तरी ते मागं पडणार नव्हतं. वडील वेळेचे फार पक्के होते, त्यांना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी चारला मी मुद्दाम स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. ठोक्याला फळीवरून आवाज आला. आई दचकली. पेला अजून भरायचा होता. तिनं केसांवरून हात फिरवला, पदर नीट खांद्यावर घेतला आणि फळीकडे बघत हळूच विचारलं, "आज येळंवर आलाव? मला न्यायला आलाव का?"

मी दोन-दोन पायऱ्या गाळत वर धावले आणि ते घड्याळ वीस मिनिटं मागं ओढून ठेवलं.