चौकातला पोलीस आणि हात जोडलेले तात्या

"मॅडम, हितं एवढी जागा मोकळी का सोडली?"

बबनतात्यांनी माझ्या स्क्रीनवर बोट टेकवलं. डाग पडला. तात्या म्हणजे लासुर्ण्याकडच्या एका गावच्या वाचनालयाचे अध्यक्ष. पुस्तक कधी उघडलंय का, देव जाणे. बारामतीत माझा डिझाइनचा स्टुडिओ आहे. वाचनालयाच्या नव्या हॉलसाठी भिंतभर चित्र करायचं काम माझ्याकडं आलं होतं.

चित्र मुळात रफिकभाई तांबोळींचं. त्यांच्या वडिलांचं गावात पान-तंबाखूचं दुकान होतं. पूर्वी सिगारेटच्या पाकिटात छोटं चित्रकार्ड यायचं. पाकीट चेपू नये म्हणून पुठ्ठा, आणि गिऱ्हाईक पुढच्या चित्रासाठी परत यावं म्हणून चित्र. नगरभवन, पूल, आगीचा बंब, अशी शहराची शान त्यावर असायची. वडिलांनी ती कार्डं जपली. रफिकभाईंनी त्यातलं एक दिलं, पण चित्रात ढवळाढवळ करायची नाही आणि खाली वडिलांचं नाव हवं, या अटीवर. "अब्बांचं नाव गावात कुठंच न्हाय, मॅडम," असं म्हणाले होते.

कार्ड झकास होतं. डावीकडं घड्याळाचा मनोरा, खाली रुंद चौक, चौकात हात पुढं करून रहदारी थांबवणारा पोलीस. त्याच्या तळहातासमोरचा रस्ता मोकळा. मी तात्यांना नीट समजावलं. कंपोझिशन म्हणजे बघणाऱ्याची नजर कुठून न्यायची आणि कुठं थांबवायची, ते ठरवणं. इथं मनोऱ्याची सावली, रस्त्याच्या कडा, सगळं त्या हाताकडं जातं. म्हणून हातासमोर काही नको.

तात्या एकदम खूश झाले.

"म्हंजी समद्यांची नजर तितंच जाणार. मग माझा फोटो तितंच टाका की."

घ्या. कुणाला शिकवायला गेले मी! तात्यांचा फोटो ठरलेला, हात जोडलेला. मी स्पष्ट सांगितलं, पोलिसानं तुम्हाला अडवलंय आणि तुम्ही गयावया करताय असं दिसेल. ते म्हणाले, पोलिसाकडं कोण बघतंय? वर तांबोळींचं नाव काढायला सांगितलं. तंबाखूवाल्याचं नाव वाचनालयात शोभत नाही म्हणे. हे सांगताना गालात तंबाखूचा बार होता. मी नाही म्हटलं. तात्या पेनड्राइव्हवर फाइल घेऊन दुसऱ्या फ्लेक्सवाल्याकडं गेले.

उद्घाटनाला मी गेले. खोटं कशाला बोलू, गंमत बघायलाच गेले. पडदा सरकला. पोलिसाच्या तळहातासमोर हात जोडलेले तात्या. मग मागून कुणीतरी म्हणालं, तात्याला चौकात धरला वाटतं. झालं! बायकांनी तोंडाला पदर लावले, पाहुण्यांनी रुमाल. रफिकभाई मात्र हसले नाहीत. ते चित्राच्या खालच्या कडेला वडिलांचं नाव शोधत होते. मला तात्यांचा असा संताप आला की चहा न घेताच निघाले.

दुसऱ्या दिवशी रफिकभाई कार्ड परत न्यायला स्टुडिओत आले होते, तेवढ्यात तात्यांचा फोन. त्या भिंतीचा फोटो गावभर व्हॉट्सअॅपवर फिरत होता. मॅडम, तेवढा पोलीस काढून द्या, म्हणाले. मी फोन स्पीकरवर टाकला. रफिकभाई आवाज चढवणारे नव्हेत. तेव्हाही चढवला नाही.

"तात्या, पोलीस हालायचा न्हाय. तुमीच बाजूला व्हा."

झाले, झक मारत झाले. आता भिंतीवर कार्ड जसंच्या तसं आहे, आणि खाली ठळक अक्षरांत: कासमभाई तांबोळी यांच्या संग्रहातून.

तेव्हापासून बघणाऱ्याची नजर कुठं जाते, हे मी गिऱ्हाइकाला सांगत नाही. तो तिथंच जाऊन उभा राहतो.